घटसर्प गेला, विष राहिले

काही रोग असे असतात की, ते नाहीसे झाल्याचा समाजाचा समज होतो आणि त्या समजाच्या आडोशानेच ते तग धरून राहतात. घटसर्प हा त्यांपैकी एक. डॉक्टर ज्याला डिफ्थीरिया म्हणतात तो हा घशाचा रोग आजच्या बहुतेक तरुण आईबापांनी पाहिलेला नाही. खेड्यात चौकशी करावी, तर घटसर्प म्हणजे गाईम्हशींना पावसाळ्यात होणारा रोग, असे उत्तर मिळते. आणि ते उत्तर चुकीचेही म्हणता येत नाही, कारण गुरांच्या एका सर्वस्वी निराळ्या रोगाला मराठीत हेच नाव आहे. परंतु माणसांचा घटसर्प या देशातून गेलेला नाही. २०१८ साली भारतात त्याच्या ८,७८८ रुग्णांची नोंद झाली. त्या वर्षी साऱ्या जगात जेवढे रुग्ण नोंदले गेले, त्यांत निम्म्याहून अधिक एकट्या भारतातले होते.

या रोगाची बातमी होते ती मृत्यूंमुळे. घशात पांढुरका-राखी पापुद्रा वाढून, मान बैलाच्या मानेसारखी सुजून, श्वास कोंडून मुले दगावतात, तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांत मजकूर येतो. जी मुले या टप्प्यातून वाचतात, घरी जातात आणि महिन्या-दीड महिन्याने हातपाय लुळे पडून पुन्हा रुग्णालयाच्या दारात येतात, त्यांची बातमी होत नाही. वस्तुतः घटसर्प हा घशात वास करणारा, पण हृदयावर व मज्जातंतूंवर घाव घालणारा रोग आहे. त्याच्यावरील उपचार कोठे आणि का अडतात हे समजून घ्यायचे, तर या दुसऱ्या टप्प्याकडे पाहावे लागते.

घटसर्पाचा जंतू स्वतः घशापलीकडे फारसा जात नाही. त्याला जाण्याची गरजही नसते. तो एक विष निर्माण करतो आणि ते विष रक्तातून सर्वत्र पोहोचते. या जंतूला विष बनविण्याची विद्यासुद्धा उसनी मिळालेली असते. त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूबरोबर ती येते, हे अमेरिकेतील व्हिक्टर फ्रीमन यांच्या १९५१ सालच्या संशोधनातून उघड झाले. हे विष पेशीत शिरले की तिचे प्रथिने बनविण्याचे कामच बंद पाडते. हृदयाचे स्नायू त्याला प्रथम बळी पडतात, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नाडी अनियमित होऊन रुग्ण अचानक दगावू शकतो. मज्जातंतूंची गोष्ट अधिक संथ असते. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असावे तसे मज्जातंतूंवर एक वेष्टन असते, आणि ते राखणाऱ्या पेशी या विषाने निकामी होतात. वेष्टन लगोलग गळून पडत नाही; ते झिजण्यास काही आठवडे लागतात. रोग श्रावणात आणि लुळेपण भाद्रपदात, असा हा प्रकार घडतो तो यामुळे.

त्याचा क्रम वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. पहिला घाव बहुधा टाळूवर पडतो, तोही साधारणपणे तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. मूल गुणगुण्या आवाजात बोलू लागते आणि प्यायलेले पाणी नाकातून बाहेर येते. घरची माणसे त्याला सर्दी समजतात. त्यानंतर डोळ्यांची पाळी येते. दूरचे दिसते, परंतु पुस्तकातील अक्षर पुसट होते. पाचव्या आठवड्यानंतर हातपाय आणि श्वासपटल यांवर संकट येते. तोपर्यंत घशातील पापुद्रा केव्हाच नाहीसा झालेला असतो, ताप उतरलेला असतो, आणि मूल शाळेतही जाऊ लागलेले असते. वर्गातील मुले त्याच्या नाकातल्या बोलण्याची नक्कल करतात. फळ्यावरचे वाचणारा मुलगा वहीतले वाचू शकत नाही, हे कोडे शिक्षकांना उलगडत नाही. जिने चढताना तो का धापा टाकतो, कवायतीच्या तासाला का बसून राहतो, याचा संबंध दीड महिन्यापूर्वीच्या घसादुखीशी जोडण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. रुग्णालयातून घरी पाठविताना दिलेल्या कागदावरही तशी सूचना लिहिलेली असेलच याची शाश्वती नसते. रोग सौम्य असेल तर हे क्वचित घडते. रोग तीव्र असेल तर दर चार रुग्णांपैकी तिघांपर्यंत कोणाही रुग्णावर मज्जातंतूंचा कमीअधिक आघात होतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात.

एवढ्यावरून हा पक्षाघात म्हणजे जन्माचे पांगळेपण, असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा ठरेल. पोलिओत मज्जापेशीच मरतात, म्हणून एकदा गेलेले बळ बहुशः परत येत नाही. घटसर्पात झिजते ते वेष्टन. आतला तंतू बहुतांशी शाबूत राहतो आणि वेष्टन पुन्हा तयार होते. ज्या मुलाचा श्वास कृत्रिम श्वसनयंत्रावर टिकवून धरला, ज्याला नळीतून अन्न दिले आणि ज्याचे हृदय सांभाळले, ते मूल काही महिन्यांनी बहुधा स्वतःच्या पायांवर चालत घरी जाते. म्हणजे येथे हरण्याचे कारण रोगाच्या स्वभावात फारसे नसते. ते असते अतिदक्षता कक्षातील खाटेच्या टंचाईत, तालुक्यापासून त्या खाटेपर्यंतच्या अंतरात, आणि त्याहीपूर्वी रोगाच्या पहिल्या दोन दिवसांत.

या दोन दिवसांचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. घटसर्पावर दोन औषधे आहेत आणि त्यांची कामे भिन्न आहेत. पेनिसिलीन किंवा एरिथ्रोमायसिन ही जंतुनाशके चौदा दिवस दिली की जंतू मरतो, नवे विष बनणे थांबते आणि इतरांना होणारी लागण टळते. मात्र जे विष आधीच रक्तात उतरले, त्याला ही औषधे स्पर्शही करीत नाहीत. ते काम प्रतिविषाचे. प्रतिविष रक्तात भटकणाऱ्या विषाला गाठून निष्प्रभ करते, पण त्याचीही मर्यादा कठोर आहे: पेशीच्या आत शिरलेल्या विषापुढे ते हतबल ठरते. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यानंतर त्या प्रदेशात घटसर्पाची जी प्रचंड साथ उसळली, तिच्यातील लाटव्हियाच्या रीगा शहरातील पन्नास प्रौढ पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर दुसरा दिवस उलटून गेला, तर पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने प्रतिविषाचा उपयोग होत असल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता दुसऱ्या दिवसापर्यंत काय घडते ते पाहावे. मुलाचा घसा दुखतो. आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करविते. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात नेले जाते. घशाच्या असंख्य दुखण्यांतले हे एक असे समजून जंतुनाशकाच्या गोळ्या दिल्या जातात. बॅटरीच्या उजेडात पडजिभेपर्यंत नीट पाहिले गेले, पापुद्रा दिसला आणि शंका आली, तर घशातील स्राव प्रयोगशाळेत जातो. तेथे जंतू वाढवून ओळखण्यास पुन्हा दोन दिवस लागतात. सबब, अहवालाची वाट न पाहता निव्वळ संशयावरून प्रतिविष द्यावे, हा पाठ्यपुस्तकातील जुना नियम आहे. नियम शिकवला जातो; परंतु तो पाळण्यासाठी औषध हाताशी असावे लागते. हे औषध घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, काही रुग्णांना त्याची तीव्र वावडी असू शकते, म्हणून आधी चाचणी घेऊन आणि प्रतिकाराची औषधे जवळ ठेवूनच ते द्यावे लागते. साहजिकच ते गल्लीतल्या दवाखान्याचे काम नव्हे. ते जिल्हा रुग्णालयात असले पाहिजे आणि मुलाला तेथे धाडण्याचा निर्णय त्याच दिवशी झाला पाहिजे.

हे औषध काही नवे नाही. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी प्रतिविषाचे तत्त्व सिद्ध केले. वैद्यकातील पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये बेरिंग यांना मिळाले ते याच कार्याबद्दल. १८९४ मध्ये पॅरिस येथे एमिल रू यांनी घोड्यांपासून बनविलेले प्रतिविष मुलांच्या रुग्णालयात वापरले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण निम्म्यावरून सुमारे चौथाईवर आले. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातील नोम या बर्फाने वेढलेल्या गावी साथ आली. आगगाडी जेथे संपते तेथून पुढे सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर सुमारे वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून साडेपाच दिवसांत तोडले आणि औषध पोहोचविले. शेवटच्या टप्प्यातील बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या उद्यानात उभा आहे. पुतळा कुत्र्याचा झाला. ज्या घोड्यांच्या रक्तातून ते औषध आले त्यांचा झाला नाही. ते असो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शंभर वर्षांपूर्वी अडचण होती ती औषध पोहोचविण्याची, औषध होते.

आज अडचण उलटी आहे. विमाने आहेत, शीतपेट्या आहेत, रातोरात देश ओलांडता येतो. परंतु पाठवायला औषधच नसते. श्रीमंत देशांत लसीकरणाने घटसर्प जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा तेथील उत्पादकांनी हे कमी खपाचे औषध बनविणे सोडून दिले. ज्या देशांत रुग्ण आहेत, त्यांची ऐपत बेताची आणि मागणी अनिश्चित. परिणामी साऱ्या जगाची गरज मोजक्या उत्पादकांवर येऊन ठेपली. २०१५ साली स्पेनमधील कातालोनिया प्रांतात लस न दिलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला. त्या देशातील १९८६ नंतरचा तो पहिला रुग्ण. त्याच्यासाठी प्रतिविष शोधता शोधता रशियापर्यंत जावे लागले. औषध आले, पण मूल वाचले नाही. २०१७ च्या अखेरीस बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत आणि २०२३ मध्ये नायजेरियात हजारो संशयित रुग्ण निघाले, तेव्हा अपुरे प्रतिविष कोणाला द्यावे आणि कोणाला नाही, अशी निवड करण्याची पाळी डॉक्टरांवर आली.

हे परदेशचे झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द देशाच्या राजधानीत, महापालिकेच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात वीसहून अधिक बालके घटसर्पाने दगावली. बहुतेक मुले शेजारच्या उत्तर प्रदेशातून आलेली होती आणि त्यांचे लसीकरण झालेले नव्हते. त्या वेळी रुग्णालयात प्रतिविषाचा साठा नव्हता. हिमाचल प्रदेशातील कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेकडून होणारा पुरवठा खंडित झालेला होता. कसौलीची ही संस्था १९०५ पासून चालू आहे, आणि लसी व प्रतिविषे बनविणे हे तिचे परंपरागत कार्य आहे. जो देश जगाला लसी पुरवितो, त्याच्या राजधानीत एकोणिसाव्या शतकातले औषध मिळू नये, या विसंगतीवर चार दिवस चर्चा झाली. चौकशीचे आदेशही निघाले. त्यापलीकडे, देशात कोणत्या रुग्णालयात किती प्रतिविष कायम राहील आणि ते संपले तर कोणी जबाबदार राहावे, हा प्रश्न जनतेपुढे नीट मांडला गेला, असे म्हणवत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाची एक बाजू अलीकडेच निराळ्या निमित्ताने दिसली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेवर गेला. त्या रोगाचे मूळ दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या जंतूत शोधले गेले. घशाशी त्याचा संबंध नव्हता. परंतु मज्जातंतूंचे वेष्टन झिजून हातपाय लुळे पडणे, श्वसनयंत्राची गरज लागणे, ही लक्षणे तीच. त्यामुळे घटसर्पानंतर लुळे पडलेले मूल गुलेन बॅरीचे म्हणून गणले जाण्याचा धोका खरा आहे. दोहोंत भेद आहे आणि तो खाटेशेजारी उभे राहून ओळखता येतो. रीगाच्या अभ्यासात गुलेन बॅरीच्या रुग्णांची प्रकृती सरासरी दहा दिवस खालावत गेली, तर घटसर्पाच्या रुग्णांची सात आठवडे. आणि घटसर्पाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत गिळणे व बोलणे प्रथम बिघडलेले होते. हा भेद पुस्तकी नाही. गुलेन बॅरीत इम्युनोग्लोब्युलिनची अत्यंत महाग इंजेक्शने उपयोगी पडतात. घटसर्पाच्या पक्षाघातात त्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही. दागिने गहाण ठेवून आणलेले औषध व्यर्थ जाते. शिवाय घटसर्पाची नोंदच होत नाही आणि त्या मुलाच्या सहवासातील भावंडांना व वर्गमित्रांना जी जंतुनाशके आणि लस मिळावयास हवी, ती मिळत नाहीत.

लसीचा विषय येथे टाळून चालणार नाही, कारण या साऱ्या यातायातीवरचा स्वस्त उपाय तोच आहे. त्रिगुणी लस महाराष्ट्रातील घराघरात परिचित आहे. तिची जागा आता पहिल्या तीन मात्रांपुरती पाच रोगांवरील लसीने घेतली आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील या तीन मात्रांबाबत देशाची कामगिरी वाखाणण्यासारखी आहे. २०२३ मध्ये ९१ टक्के बालकांना तिसरी मात्रा मिळाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज होता. एकही मात्रा न मिळालेली बालके त्या वर्षी सुमारे १६ लाख होती, ती पुढच्या वर्षी ९ लाखांवर आली. सरकार या आकड्यांचा अभिमान बाळगते आणि तो रास्त आहे. तथापि घटसर्पाविरुद्धची प्रतिकारशक्ती जन्मभर पुरत नाही. म्हणून दीड-दोन वर्षांच्या वयात, मग पाच-सहा वर्षांचे असताना, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी तिला उजाळा द्यावा लागतो. तान्ह्या बाळाच्या लसीसाठी आई दिवस मोजत असते. पाच वर्षांच्या मुलाची लस विसरली जाते, आणि सोळा वर्षांच्या मुलाला लस असते हेच मुळी अनेक घरांत ठाऊक नसते. दहाव्या व सोळाव्या वर्षी पूर्वी केवळ धनुर्वाताची लस दिली जाई. तिच्याऐवजी धनुर्वात व घटसर्प अशी जोडलस देण्यास आपल्याकडे २०१९ उजाडले.

त्याचा परिणाम रुग्णांच्या वयावर दिसू लागला आहे. एके काळी हा दोन-तीन वर्षांच्या बालकांचा रोग होता. आता भारतातील पुष्कळसे रुग्ण शाळकरी वयाचे असतात. आरोग्याच्या बाबतीत ज्याचे नाव आदराने घेतले जाते त्या केरळात, मलप्पुरम जिल्ह्यात, २०१६ मध्ये साथ आली तेव्हा कुमारवयीन मुले आणि प्रौढ मोठ्या संख्येने आजारी पडले. सोव्हिएत संघराज्याच्या पाडावानंतरच्या साथीत, १९९० ते १९९८ या काळात, दीड लाखांहून अधिक लोकांना रोग झाला आणि सुमारे पाच हजार दगावले. त्यांतही प्रौढांचा वाटा मोठा होता. बालपणीच्या तीन मात्रांवर विसंबून राहणाऱ्या समाजात घटसर्प मरत नाही, तो मोठ्या वयाकडे सरकतो. हे पाहता पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्ड पाहणारा मुख्याध्यापक, आणि पाचवीच्या वर्गात लस टोचायला आलेल्या परिचारिकेला ‘आज चाचणी आहे, पुढच्या आठवड्यात या’ असे न सांगणारा शिक्षक, हे रोगप्रतिबंधाचे काम आरोग्य खात्याच्या बरोबरीने करीत असतात. लसीचा दिवस परीक्षेच्या किंवा सहलीच्या दिवसाशी गाठ घालून ठरविला जाणार नाही, एवढे तरी दोन खात्यांना एकत्र बसून ठरविता यावे.

उरतो तो साठ्याचा प्रश्न, आणि तो वैद्यकापेक्षा कारकुनीचा अधिक आहे. प्रतिविष शीतकपाटात ठेवावे लागते आणि त्याची मुदत संपते. एखाद्या जिल्ह्यात वर्षभर घटसर्पाचा रुग्ण आला नाही, तर भांडारातील कुप्या वाया जातात, आणि मुदतबाह्य औषधावर लेखापरीक्षक आक्षेप घेणार हे भांडारपालाला ठाऊक असते. औषध नसल्याने मूल दगावले तर मात्र कोणत्याही नोंदवहीत आक्षेप येत नाही. अशा स्थितीत मागणीपत्रात शून्य लिहिणारा अधिकारी स्वतःपुरता शहाणपणाच करीत असतो. अग्निशमन दलाने वर्षभर आग विझविली नाही म्हणून पाण्याच्या बंबावरील खर्च निष्फळ ठरत नाही. हाच न्याय प्रतिविषाला लावून त्याचा काही भाग वाया जाणारच असे अंदाजपत्रकातच गृहीत धरले, मुदत संपत आलेल्या कुप्या विभागाविभागांत फिरत्या ठेवल्या, आणि कोणत्या रुग्णालयात किती साठा आहे हे प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरला दूरध्वनीवर कळेल अशी सोय केली, तर त्यासाठी फार मोठा निधी लागेल असे नाही. घोड्यांच्या रक्तातून प्रतिविषे काढण्याची विद्याही या राज्याला नवी नाही. परळच्या हाफकीन संस्थेचे नाव त्या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. निकड आहे ती आगाऊ मागणीची. घोड्याला टोचण्यास आरंभ केल्यापासून त्याच्या रक्तात पुरेसे प्रतिविष तयार होऊन कुपी भरेपर्यंत काही महिने जातात, आणि आपल्याकडे हा रोग डोके वर काढतो तो प्रायः पावसाळा सरताना. ऑगस्टमध्ये पहिला रुग्ण आढळल्यावर काढलेल्या निविदेतून आलेले औषध त्या वर्षीच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही.